‘ही चीटेड ऑन मी’ असं मेलमध्ये लिहिण्याआधी हे ऐका

नमस्कार मंडळी. आज आधी माझी फजिती सांगतो, मग विषयाकडे येतो.

नोकरीचं पहिलं वर्ष. पुण्यात भाड्याने फ्लॅट शोधत होतो. एका एजंटानं चकाचक फ्लॅट दाखवला, टोकन म्हणून पंधरा हजार घेतले आणि फोन बंद. सोसायटीत जाऊन विचारलं तर वॉचमन मान हलवत म्हणाला, “या आठवड्यातले तुम्ही तिसरे.” दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीत जायचं होतं. आमच्या मॅनेजर बाई लंडनला बसायच्या. त्यांना रात्री मेल टाकला: “आय विल बी लेट टुमॉरो. माय एजंट चीटेड ऑन मी.”

पाच मिनिटांत उत्तर: “आय ॲम सो सॉरी. टेक द होल डे.”

मी म्हटलं, काय देवमाणूस आहे! तीन दिवसांनी शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीनं तो मेल वाचला आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘ही चीटेड मी’ म्हणजे त्यानं मला फसवलं. मध्ये ‘ऑन’ घुसला की अर्थ होतो, माझ्याशी नातं असताना त्यानं दुसरीकडे सूत जुळवलं. मी त्या एजंटाशी संसार मांडून मोकळा झालो होतो.

तर आजचा विषय हा. फसवणाऱ्यांसाठी इंग्रजीत ढीगभर शब्द आहेत आणि आपण सगळीकडे दोनच वापरतो: ‘चीटर’ आणि ‘फ्रॉड’. दोन्ही जरा चुकीच्या जागी. ‘चीटर’ म्हटलं की लंडन-न्यूयॉर्कच्या माणसाला परीक्षेत कॉपी करणारा आठवतो, पत्त्यांत हातचलाखी करणारा आठवतो, नाहीतर बायकोला फसवणारा नवरा. पैसे घेऊन पळालेला नाही. आणि ‘ही इज अ फ्रॉड’ म्हणजे जो दाखवतो तो नाही असा माणूस: डिग्री नसलेला डॉक्टर, पोकळ विद्वान. पैशाचा गुन्हा करणारा असेल तर ‘फ्रॉडस्टर’.

पण हा ‘चीट’ शब्द आला कुठून, ते ऐका. माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे ही. जुन्या इंग्लंडमध्ये कुणी वारस न ठेवता मेला की त्याची जमीन सरदाराकडे किंवा राजाकडे परत जायची. याला म्हणायचे ‘एस्चीट’. त्यासाठी राजाचे खास अधिकारी होते, ‘एस्चीटर’. आता असं काम हातात असलेला अधिकारी काय करील? वारस असला तरी कागदावर नाही म्हणेल. लोक इतके पिडले की त्या शब्दाचा शेपटाकडचा तुकडा, ‘चीट’, म्हणजेच लुबाडणं असा अर्थ रूढ झाला. थोडक्यात, पहिला चीटर सरकारी नोकरीत होता.

हे ऐकून सातारकरांना काहीतरी आठवायला हवं. औरस वारस नाही, दत्तक नामंजूर, संस्थान खालसा. १८४८ला सातारा, १८५४ला नागपूर. डलहौसीचं ते ‘लॅप्स’ म्हणजे एस्चीटचा सख्खा चुलतभाऊ. आपल्या राज्यघटनेच्या कलम २९६मध्ये हे दोन्ही शब्द आजही शेजारी शेजारी बसलेत, बेवारस मालमत्ता सरकारजमा होण्यासंबंधी. चीटचं मूळ घर आपल्या घटनेत आहे, हे कॉलेजात कुणी सांगितलंच नाही.

बरं, माझ्या एजंटाला मग काय म्हणायचं? ‘कॉन मॅन’. हा शब्द मात्र अगदी तारीखवार सापडतो. १८४९, न्यूयॉर्क. विल्यम थॉम्प्सन नावाचा एक झकपक कपड्यांतला इसम रस्त्यावर अनोळखी माणसाला गाठायचा. जुनी ओळख असल्यासारखा हसायचा, गप्पा मारायचा आणि मग हळूच विचारायचा: उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास आहे का माझ्यावर? लोक द्यायचे हो! नाही म्हटलं तर समोरचा दुखावेल, ही भीड. एकाचं तर ११० डॉलरचं घड्याळ गेलं. त्याच माणसानं पुढे त्याला रस्त्यात ओळखलं आणि पकडून दिलं. वर्तमानपत्रांनी नाव ठेवलं ‘कॉन्फिडन्स मॅन’, त्याचा झाला कॉन मॅन. म्हणजे यातलं ‘कॉन’ त्याच्या अंगातल्या आत्मविश्वासाचं नाही, आपल्या विश्वासाचं आहे. मी पंधरा हजार दिले तेव्हा त्या एजंटानं आधी मला चहा पाजला होता आणि ‘तुम्ही कोकणातले का?’ असं विचारलं होतं.

आता वळूया बाजाराकडे. आठवडी बाजारात तेल विकणारा बघितला असेल तुम्ही. एका टोपलीत साप, खुंटीला बांधलेलं मुंगूस. ‘आत्ता लढाई लावतो, लहान पोरांनी मागे सरा!’ अर्धा तास बोलतो, सांधेदुखी, मुतखडा, केसगळती, सगळ्यावर एकच बाटली. लढाई काही होत नाही. मी लहानपणी तीन बाजार वाट बघितली. या माणसासाठी युरोपात किती शब्द असावेत! ‘माउंटबँक’: इटालियनमधून आलेला, म्हणजे बाकावर चढणारा, चार लोकांना दिसावं म्हणून. ‘क्वॅक’: डच शब्दाचा तुकडा, ओरडून ओरडून मलम विकणारा. ‘शार्लटन’: हाही इटलीचाच, आणि त्यात बडबड दडलेली आहे. तिन्ही शब्दांत औषध दुय्यम, तोंड मुख्य. आणि अमेरिकेत तर ‘स्नेक ऑइल’ हाच वाक्प्रचार झाला. क्लार्क स्टॅनली नावाच्या माणसाचं सापाचं तेल सरकारनं तपासलं, तर निघालं खनिज तेल, थोडी चरबी आणि मिरची. साप औषधालाही नाही. दंड झाला २० डॉलर. आज ‘क्वॅक’ फक्त बोगस डॉक्टरला म्हणा. भोंदू बाबा, भोंदू सल्लागार असला तर ‘शार्लटन’.

‘हूडविंक’ हा तर आपलाच वाटतो. हूड म्हणजे डोक्यावरची कुंची, ती डोळ्यांवर ओढायची. आपण काय म्हणतो? टोपी घातली! तसंच ‘स्विंडल’. मूळ जर्मन, त्यात अर्थ आहे भोवळ येण्याचा. आपला ‘घोटाळा’ही मुळात गोंधळच. डोकं गरगरलं की खिसा मोकळा, हे दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता ठरवलंय. आपल्याकडे घोटाळ्याला सर्रास ‘स्कॅम’ म्हणायला लागले ते १९९२च्या रोखे प्रकरणानंतर, म्हणून आपल्याला स्कॅम म्हणजे शेकडो कोटी वाटतात. इंग्रज मात्र मोबाइलवर आलेल्या ‘तुमचं पार्सल अडकलंय’ या मेसेजलाही स्कॅमच म्हणतो.

आता एक सावध राहण्याचा शब्द: ‘थग’. हा आपण दिला. आपला ठग, ठक. पण १८३०च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं वाटेवर गळे आवळणाऱ्या टोळ्यांमागे मोहीम लावली आणि इंग्रजीत ठगातली लबाडी गळून गेली, मारामारी तेवढी उरली. आज थग म्हणजे दांडगट गुंड. माझ्या एजंटाला थग म्हटलं असतं तर बाईंनी मला हॉस्पिटलचा पत्ता विचारला असता.

ठक आपल्याकडे मात्र जिवंत आहे, तोही कायद्यात. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२०च्या मराठी मजकुरात ‘ठकवणूक’ आहे. १ जुलै २०२४पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आलं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. चारसौबीस हा शब्द मात्र बदलायला कुणी तयार नाही, आणि ‘तो एक नंबरचा तीनशे अठरा कंसात चार आहे’ हे कसं वाटतं ऐकायला?

इथे एक फरक कळला पाहिजे. तक्रार लिहिताना कामाला येतो. पैसे घेतानाच द्यायचं मनात नव्हतं, तर ती चीटिंग. विश्वासानं हातात सोपवले आणि मग नियत फिरली, तर ‘क्रिमिनल ब्रीच ऑफ ट्रस्ट’, कलम ३१६. पतसंस्थेचा कॅशियर गल्ल्यातून नेतो तो दुसऱ्या जातीचा. पेपरवाले त्याला ‘अपहार’ म्हणतात, इंग्रजीत ‘एम्बेझल’. त्याला कॉन मॅन म्हणू नका, त्याला चावी संचालकांनीच दिलेली असते.

आणि दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं? कलम ३१९, ‘पर्सोनेशन’. त्यासाठी आपल्याकडे जो शब्द आहे त्याच्यापुढे इंग्रजी ‘इम्पोस्टर’ फिका आहे: तोतया. पानिपतात भाऊसाहेब पडले, आणि ‘मीच भाऊ’ म्हणत एक जण उभा राहिला. लोकांनी मानलंही, कारण लोकांना भाऊ परत हवे होते. १७७६मध्ये त्याला देहदंड झाला.

माझा एजंटही, चौकीत कळलं, एजंट नव्हताच. फ्लॅटमालकाचा रंगारी होता. रंगकामासाठी चावी मिळालेली. म्हणजे कॉन मॅन, वर थोडा तोतया.

मैत्रिणीनं समजावल्यावर मी लाजत बाईंना दुसरा मेल लिहिला: ‘ऑन’ चुकून पडला, तो माणूस माझे पैसे घेऊन गेला. उत्तर आलं: “ओह, थँक गॉड.” आणि खाली दुसरी ओळ: “सो यू ओ मी हाफ अ डे.”