पिंप नाही तर मत नाही

(दृश्य : तळहातावर काचेची एक गोटी. मागे रांगेतला गलबला.)

हे एक मत आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बियात मतदार केंद्रावर येतो, कार्ड दाखवतो, यादीत नाव सापडलं की बोट शाईत बुडवतो आणि अशी एक गोटी घेऊन आडोशामागे जातो.

(दृश्य : आडोशामागे ओळीनं मांडलेली रंगीत पिंपं.)

जितके उमेदवार तितकी पत्र्याची पिंपं. प्रत्येक पिंप त्या त्या पक्षाच्या रंगात रंगवलेलं. यूडीपीचं पिवळं, एपीआरसीचं हिरवं, एनपीपीचं राखाडी. अंगावर उमेदवाराचा फोटो आणि चिन्ह चिकटवलेलं. सकाळी आठला मतदान सुरू होण्याआधी पक्षांच्या प्रतिनिधींना पिंप रिकामं असल्याचं दाखवतात, मग ते बंद करून सील करतात. त्यानंतर आत जायला एकच वाट उरते : वरची नळी. गोटी तिच्यातून घरंगळते आणि आत बसवलेल्या घंटेवर आपटते.

(आवाज : टण्. इथे निवेदन नको. तीन मतदार, तीन टण्, मध्ये शांतता.)

आपल्याकडे ईव्हीएमची लांब शिट्टी वाजली की मत नोंदलं गेलं असं समजतात. इथे ते काम ही घंटा करते. आडोशाबाहेरचा अधिकारी कान देऊन बसलेला असतो. दोनदा वाजलं, तर मतदारानं खिशातून दुसरी गोटी आणली असणार. वाजलंच नाही, तर तो मताची गोटी घेऊन बाहेर निघालाय, आणि बाहेर गेलेली गोटी विकता येते.

पिंपाच्या तळाशी भुसा किंवा वाळू पसरलेली असते. घंटेवरून उडालेली गोटी पत्र्यावर पडून पुन्हा वाजली, तर एका मताचे दोन आवाज होतील, म्हणून. मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकलींना मनाई असते, तीही घंटीमुळेच.

ही पद्धत १९६०च्या दशकातली, ब्रिटिश राजवट संपत आली होती तेव्हाची. बहुतेक मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून तिला आजही कुणी कुणी ‘अडाण्यांची सोय’ म्हणतं. हे बरोबर नाही. कागदावर शिक्का दोन खणांच्या मधोमध पडतो, घडी घालताना शाई उमटते, मतपत्रिका बाद होते. गोटी बाद होत नाही. ती या पिंपात असते किंवा त्या पिंपात.

फक्त पिंप तिथे असायला हवं.

(दृश्य : बांजुलच्या वेशीवरची कमान. कॅमेरा पायथ्यापासून वर.)

राजधानीत शिरताना लागणारी ही कमान, आर्च २२. उंची ३५ मीटर. नावातला २२ म्हणजे २२ जुलै १९९४. त्या दिवशी लेफ्टनंट याह्या जामे आणि त्याच्या साथीदारांनी सत्ता घेतली. १९६५च्या स्वातंत्र्यापासून देश चालवणारे दाउदा जावारा बंदरात आलेल्या अमेरिकी नौदलाच्या जहाजावर गेले. जामे तेव्हा २९ वर्षांचा होता. लष्करी परिषदेनं आधी चार वर्षांचं संक्रमण जाहीर केलं. मदत देणाऱ्या देशांनी हात आखडते घेतले, तेव्हा ते दोन वर्षांवर आलं.

त्या दोन वर्षांचा शेवट बारकाईनं पाहायला हवा, कारण सगळं तिथेच ठरलं. ८ ऑगस्ट १९९६ला नव्या राज्यघटनेवर सार्वमत झालं. त्याच महिन्यात डिक्री ८९, म्हणजे लष्करी राजवटीचा हुकूम, निघाली. जावारांची पीपीपी आणि एनसीपी, जीपीपी या तीन जुन्या पक्षांवर बंदी आली. आधीच्या सरकारातल्या मंत्र्यांनाही निवडणूक बंद. २६ सप्टेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक झाली. जामे गणवेश उतरवून उभा राहिला आणि सुमारे ५६ टक्के मतांनी जिंकला. मग २ जानेवारी १९९७ला संसद. निवडून द्यायच्या जागा ४५. जामेच्या एपीआरसीला ३३, विरोधातल्या यूडीपीला ७, एनआरपीला २, पीडीओआयएसला १, अपक्षांना २. आणखी चार जणांची थेट नेमणूक.

त्या दिवशीही गोटीच होती, घंटाही होती. पण तीन पक्षांची पिंपं केंद्रावर आलीच नाहीत. उठावानंतरच्या निवडणुकीत निरीक्षक मतदानाची रांग पाहायला येतात. आमचं म्हणणं असं, की उमेदवारी अर्जांच्या टेबलापाशी त्यांनी आधी बसावं.

(दृश्य : गोदामात एकावर एक रचलेली रिकामी पिंपं.)

डिक्री ८९ रद्द झाली २००१ मध्ये. जानेवारी २००२ च्या संसद निवडणुकीवर यूडीपीनं बहिष्कार टाकला. ४८ पैकी ३३ मतदारसंघांत एकच उमेदवार उरला, म्हणजे तिथे मतदानच नाही. २०१२ मध्ये असे २५ मतदारसंघ होते. ही राजवट बावीस वर्षं टिकली. एप्रिल २००० मध्ये विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, डिसेंबर २००४ मध्ये संपादक डेडा हायदारा यांना गोळ्या घातल्या गेल्या.

(दृश्य : संध्याकाळ. पिंपाचं सील तोडतात. गोट्या ओततानाचा आवाज पूर्ण ऐकू द्या.)

मोजणी केंद्रावरच होते. हा लाकडी ट्रे. त्याला २०० भोकं असतात, नाहीतर ५००. गोट्या ओतायच्या, हात फिरवायचा, प्रत्येक भोकात एक बसते. सगळी भोकं भरली का, हे समोर उभ्या असलेल्या कुणालाही दिसतं. दोनशेचे तीन ट्रे भरले आणि चौथ्यात ३७ बसल्या, तर मतं ६३७. त्यासाठी शाळेत जावं लागत नाही.

चूक झाली तर पुढे होते, कागदावर. १ डिसेंबर २०१६च्या अध्यक्षीय निवडणुकीत अदामा बॅरो जिंकले. एका भागातल्या आकड्यांची बेरीज चुकली होती. आयोगानं ५ डिसेंबरला दुरुस्ती केली आणि बॅरोंची आघाडी सुमारे ५१ हजारांवरून १९ हजारांवर आली. विजेता तोच राहिला, पण हार मान्य केलेल्या जामेनं ९ डिसेंबरला शब्द फिरवला. शेजारी देशांच्या फौजा आत आल्यावर २१ जानेवारी २०१७ला त्यानं देश सोडला.

६ एप्रिल २०१७ला पुन्हा संसदेची निवडणूक झाली. जागा ५३. यूडीपीला ३१, एपीआरसीला ५. डिक्रीनं बंद केलेल्या पीपीपीला २.

(दृश्य : कामगार पिंपाला रंग देतोय. ब्रश जवळून.)

कागदी मतपत्रिका आणायची चर्चा तेव्हापासून आहे, आणि अडचण खरी आहे. अध्यक्षपदासाठी २०१६ मध्ये प्रत्येक केंद्रावर तीन पिंपं पुरली, २०२१ मध्ये सहा लागली. संसदेला ५३ मतदारसंघ, प्रत्येकाचे उमेदवार वेगळे, अपक्षांचे रंग वेगळे. एवढं सगळं रंगवायचं, फोटो लावायचे आणि योग्य गावात योग्य पिंप पोचवायचं. एक चुकलं तर त्या उमेदवाराला तिथे मतच पडणार नाही.

(दृश्य : ९ एप्रिल २०२२. रमजानचा महिना. रांग, शाईची बाटली, आडोसा.)

संसदेच्या या निवडणुकीत बॅरोंच्या एनपीपीला १८ जागा मिळाल्या, यूडीपीला १५, अपक्षांना १२. बहुमत कुणालाच नाही. आडोशामागे किती पिंपं आहेत, मोजून पाहा.

(आवाज : टण्.)