निधी उभारणीचं काम : सुरुवात पावतीबुकापासून

श्रोतेहो, नमस्कार. यवतमाळ, वाशिम, गडचिरोलीकडच्या बीकॉम, बीएसडब्ल्यू झालेल्या मुलामुलींशी आज बोलायचं आहे. सेवाभावी संस्थांना शिक्षक मिळतात, परिचारिका मिळतात. पण निधी उभा करणारा जाणता माणूस मिळता मिळत नाही. हे काम आपल्या पोरांना नक्की जमण्यासारखं आहे.

पहिलं वर्ष हिशेब शिकण्यात घाला. पावतीवर देणगीदाराचं पूर्ण नाव, पत्ता, पॅन आणि देणगी कशासाठी, एवढं हवंच. २ हजार रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीला ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात मिळणारी, करसवलत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्यालाही ती मिळत नाही. पैसे घेण्याआधीच हे सांगा. विवरणपत्र भरताना ज्याला कळतं, तो पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

मागण्याचीही वेळ असते. पेरणीच्या दिवसांत गावात वर्गणी मागू नका. घरातला पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो. दिवाळीनंतर कापूस विकला की हात मोकळा होतो.

आता कंपन्या. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ : आदल्या वर्षी निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त असेल, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चायची. यालाच सीएसआर म्हणतात. कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही त्यात आहे. चंद्रपूरकडे सिमेंट आहे, वणीकडे कोळसा आहे. तिथल्या संस्थांनी आधी तिकडेच जावं. मात्र संस्थेकडे १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट), ८०जी, सीएसआर-१ (कंपन्यांचा सीएसआर निधी घेण्यासाठी) यांची नोंदणी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो.

प्रस्ताव अडतो तो बहुधा अंदाजपत्रकात. समजा, गावात ४० मुलांची अभ्यासिका करायची आहे. टेबल, खुर्च्या, पुस्तकं सगळे लिहितात. जीएसटी राहतो, तालुक्याहून सामान आणायचं भाडं राहतं, भारनियमनासाठी इन्व्हर्टर राहतो. सगळ्यात जास्त राहून जातं ते संध्याकाळी कुलूप उघडणाऱ्या माणसाचं मानधन, आणि मग सहा महिन्यांत खोलीत तुरीची पोती पडतात. म्हणून दुसऱ्या वर्षाचा चालू खर्च वेगळ्या ओळीत दाखवा आणि तो कोण देणार, तेही लिहा. ग्रामपंचायत वीजबिल भरणार असेल तर ठरावाची प्रत जोडा. कंपनीचा अधिकारी ती प्रत आधी पाहतो.

पैसे आले की खरं काम सुरू होतं. ठरल्या तारखेला उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला), बिलं, फोटो पाठवा. काम रखडलं असेल तर मुदत संपण्याआधी कळवा. पावसाने रस्ता बंद होता हे कंपनीलाही समजतं, गप्प बसणं समजत नाही.

नोकरी धरताना पगार ठरवून घ्या. आणलेल्या पैशावर टक्केवारी घेऊ नका. या व्यवसायाच्या आचारसंहितेत ती निषिद्ध आहे, आणि देणगीदाराला कळलं की विश्वास जातो. मुलाखतीतच संस्थेचे मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. दाखवायला टाळाटाळ झाली, तर दुसरी संस्था बघा.