रेंज माळ्यावर, कॉम्प्युटर खाली

नमस्कार मंडळी. आधी एक काम करा, आपापले मोबाइल काढून रेंज बघा. या खोलीत मला एकच काडी दिसतेय, मघाशी जिन्यात तीन होत्या. त्या जिन्याचा विषय शेवटी परत निघणार आहे, तेवढं ध्यानात ठेवा.

दुकानात किंवा घरी जुना डेस्कटॉप आहे. मागे लॅनचं, म्हणजे तारेने नेट घ्यायचं सॉकेट आहे, पण वाय-फाय नाही. गावात फायबर आलेलं नाही, किंवा आलंय आणि रस्त्याच्या कामाला जेसीबी लागला की चार दिवस गायब. मोबाइलवर मात्र नेट चालतंय. ते या डब्यात कसं आणायचं?

सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे फोनची केबल. फोन यूएसबीला जोडायचा, सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर जाऊन ‘यूएसबी टेथरिंग’ चालू करायचं. पाच-दहा सेकंदांत विंडोजच्या कोपऱ्यात नेटचं चिन्ह येतं, आणि गंमत म्हणजे ते वाय-फायचं नसतं, लॅनचं असतं. कारण फोन त्या क्षणी नेटवर्क कार्डाचं सोंग घेतो. कॉम्प्युटरला वाटतं, कुणीतरी आपल्याला लॅनची वायर लावली. अँड्रॉइडचं हे सोंग विंडोज १० आणि ११ बहुतेक वेळा आपोआप ओळखतं. आयफोनला मात्र विंडोजवर अ‍ॅपलचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला ते उपकरण ओळखायला लावणारं छोटं सॉफ्टवेअर लागतं, अ‍ॅपलचं आयट्यून्स टाकलं की ते येतं, आणि फोनवर ‘ट्रस्ट’ दाबावं लागतं.

टेथरिंगचा पर्याय फिका दिसतोय, दाबताच येत नाही, अशी तक्रार घेऊन निम्मे लोक येतात. बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. कित्येक स्वस्त चार्जिंग केबलमध्ये डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. मी स्वतः एका गिऱ्हाइकाच्या मशीनवर तासभर ड्रायव्हर काढत-घालत बसलो होतो. शेवटी त्यांच्या मुलीने तिची केबल आणून लावली. त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत, घेण्यासारखं तोंड नव्हतं.

अजून एक. जुन्या यूएसबी पोर्टातून अर्धा अँपियरच वीज मिळते. टेथरिंग करणारा फोन त्याहून जास्त खातो, म्हणून केबल लावलेली असूनही संध्याकाळी बॅटरी वीस टक्क्यांवर. दिवसभर तापत पडलेल्या फोनची बॅटरी फुगते, तेही तुम्ही पाहिलं असेल. चार तासांचं काम असेल तर हा मार्ग उत्तम, रोजच्या दुकानदारीला नाही.

आता पैशाची गोष्ट. केबलने आलेलं नेट म्हणजे अमर्याद, असं विंडोज सहसा धरून चालतं. त्यामुळे तुम्ही सातबारा काढायला बसता आणि मागच्या दाराने अपडेट उतरायला लागतात. दिवसाचा दीड जीबी दुपारच्या आत साफ. मग अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. सेकंदाला ६४ किलोबिट म्हणजे ८ किलोबाइट. अर्धा एमबीची स्कॅन केलेली एक फाइल चढवायला मिनिटभर, आणि सरकारी वेबसाइट तेवढं थांबेलच असं नाही. म्हणून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मग मोठे अपडेट बहुतेक थांबून राहतात. आजच्या दोन तासांतली ही एक गोष्ट जरी घरी नेलीत तरी पेट्रोलचे पैसे वसूल.

डोंगल, म्हणजे सिम घालून यूएसबीला लावायची कांडी, आता मागे पडलं, तरी कपाटात कुणाकडे असेल. ते लावलं की आधी सीडी ड्राइव्ह दिसायचा, आठवतंय? त्या खोट्या सीडीत त्याचाच ड्रायव्हर असायचा. तो बसला की सीडीचं रूप टाकून ते मोडेम व्हायचं. हुशार कल्पना होती, पण त्यापायी कितीतरी लोकांनी डोंगल बिघडलं म्हणून परत केलं.

आता जिन्याकडे येऊ. कोकणातल्या घराची भिंत जांभ्याची, दीड फूट जाड, वर पत्रा. रेडिओ लहरींना पत्रा म्हणजे आरसाच, आपटून परत जातात. त्यातही सगळ्या लहरी सारख्या नाहीत. जिओचं फोर-जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्‌झवर चालतं. ८५०ची लहर लांब जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरते. २३००ची दारातच अडखळते. म्हणून माळ्याच्या खिडकीत नेट पळतं आणि खाली कॉम्प्युटरच्या टेबलावर रांगतं.

काड्यांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनी त्या आपापल्या मनाने दाखवते. अँड्रॉइडच्या ‘अबाउट फोन’मध्ये, सिम स्टेटसखाली, डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा असतो. तो उणे असतो. फोर-जीत उणे ८५ चांगला, उणे ११० म्हणजे कसंबसं. दहाचा फरक म्हणजे दहापट ताकद, हे लक्षात घेतलं तर खिडकी का शोधायची ते कळेल. फोन हातात घेऊन घरभर फिरा, प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबा, आकडे कागदावर लिहा. लोक मला हसतात, मी मोजायची टेपसुद्धा नेतो.

आता, चांगला आकडा माळ्यावर आणि कॉम्प्युटर खाली. लोक काय करतात? कॉम्प्युटरच माळ्यावर नेतात! किंवा यूएसबीची लांब केबल शोधतात. साधी यूएसबी केबल पाच मीटरनंतर दगा देते. लॅनची केबल शंभर मीटर जाते. म्हणून रोजच्या वापराला सिम घालायचा फोर-जी राउटर घ्या, मागे लॅनचं सॉकेट असलेला. तो खिडकीत ठेवा, आणि केबल जिन्याने खाली आणा. हवेतलं काम हवा जिथे मोकळी आहे तिथे होऊ द्या, खालचं काम तांब्याच्या तारेवर सोडा. डेस्कटॉपला वाय-फाय नाही याचं मला म्हणूनच वाईट वाटत नाही, तार तर आपल्याला हवीच होती. फायबर असलेल्या शेजाऱ्याने हसू नये, त्याच्याकडेही लाइन तुटली की हाच राउटर लागतो.

वीज गेली तर? राउटरला बहुधा १२ व्होल्ट लागतात. छोटा यूपीएस मिळतो, त्यावर दोन-तीन तास चालतो. डेस्कटॉपला वेगळा यूपीएस हवा, पण ते दुकानवाले जाणतातच.

मागून काका विचारतायत, दुकानातला कॅमेरा मुंबईतून बघता येईल का? बघता येईल, पण कॅमेऱ्याच्या कंपनीच्या अ‍ॅपमधून. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार उघडून सरळ नाही. मोबाइल कंपन्या एकाच आयपी पत्त्यामागे, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यामागे, असंख्य गिऱ्हाइकं बसवतात, त्यामुळे बाहेरून कुणी दार ठोठावलं तर ते तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

आणि वहिनींचा प्रश्न, पत्र्याखालून तार ओढली तर वीज पडल्यावर काय? रास्त प्रश्न. वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की राउटरचा प्लग काढा आणि लॅनची केबलही कॉम्प्युटरमधून काढा. केबल विसरली की मदरबोर्ड जातो, माझ्या टेबलावर दर जूनमध्ये असे दोन-तीन येतात. रात्री गडगडलं तर कोण उठणार, म्हणता? मग संध्याकाळी शटर ओढतानाच काढून ठेवा.