गॉल की मलाक्का?

मंडळी, श्रीलंकेतलं गॉल आणि मलेशियातलं मलाक्का, दोन्ही गावांवर माझा जीव आहे. तरीही चार दिवसांच्या सुट्टीत एकच करायचं असेल तर मी गॉल सांगतो. का, ते दोन दरवाजांवरून सांगतो.

गॉलच्या किल्ल्याच्या जुन्या दरवाजावर बाहेरून इंग्रजांचं राजचिन्ह दिसतं. लोक तेवढं बघतात आणि पुढे चालू लागतात. तुम्ही आत गेलात की वळून बघा. आतल्या बाजूला डच ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह कोरलंय: दोन सिंह, मध्ये कंपनीची गुंफलेली अक्षरं, वर कोंबडा, आणि रोमन आकड्यांत १६६९ हे साल. कोंबडा कशासाठी? पोर्तुगिजांच्या भाषेत कोंबड्याला ‘गालो’ म्हणतात. गावाच्या नावाशी ते जुळलं आणि कोंबडा गावाची खूणच होऊन बसला.

आता मलाक्का. डचांनी गॉल घेतलं १६४० साली आणि मलाक्का १६४१ साली, दोन्ही पोर्तुगिजांकडूनच. मलाक्कातल्या ‘पोर्ता दी सांतियागो’ या दरवाजावरही डचांनी आपलं चिन्ह बसवलं, त्यावर साल आहे १६७०. बघा, दोन्ही दरवाजांत एका वर्षाचं अंतर! पण इथे फक्त दरवाजाच उरलाय. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या लढायांत मलाक्का इंग्रजांच्या ताब्यात आलं. ते पुढे डचांना परत द्यावं लागणार होतं आणि भक्कम किल्ला त्यांच्या हाती आयता पडायला नको होता, म्हणून १८०७ मध्ये इंग्रजांनी तट पाडायला घेतले. पुढे किनाऱ्यावर भराव पडत गेले आणि समुद्रही या दरवाजापासून लांब गेला. तिथे उभं राहून बंदर डोळ्यांपुढे आणायला कल्पनाशक्तीला बराच ताण द्यावा लागतो.

गॉलला तो ताण पडत नाही. तटावर चढा आणि दीपगृहाकडे चालत जा. एका हाताला लाटा, दुसऱ्या हाताला कौलारू घरं. बंदराच्या तोंडाशी खडक आहेत. बोटी मोठ्या झाल्या तसे ते खडक जाचू लागले. कोलंबोला १८८५ मध्ये लाटा अडवणारा मोठा बांध पुरा झाला आणि बोटी तिकडे वळल्या. माझ्या मते गॉलचं जुनेपण टिकलं ते त्यामुळेच. धंदाच निघून गेल्यावर जुनं पाडून नवं बांधायची घाई कोणाला असणार? आणि या भिंती नुसत्या शोभेच्या नाहीत. २००४ च्या त्सुनामीत बाहेरचं बसस्थानक आणि क्रिकेटचं मैदान पाण्याखाली गेलं, पण तटाच्या आतलं गाव बऱ्याच अंशी वाचलं.

मात्र मलाक्काला मी कमी लेखत नाही. तिथला इतिहास माणसांत शोधायचा. एका मोसमी वाऱ्यावर चीनकडची गलबतं यायची, दुसऱ्यावर गुजरात आणि अरबस्तानाकडची. वारा फिरेपर्यंत परतायची सोय नव्हती, म्हणून व्यापारी महिनोन्महिने मुक्काम करायचे, घरं बांधायचे, लग्नं करायचे. पोर्तुगिजांच्या आधी इथे सुलतानाचं राज्य होतं. व्यापाऱ्यांचा कारभार बघायला त्याने चार शहाबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमले होते आणि त्यांतला एक फक्त गुजरात्यांसाठी होता! त्या मुक्कामांचं फळ आजही दिसतं. चिनी देऊळ, कांपुंग क्लिंग मशीद आणि विनायगर मूर्ती हे गणपतीचं देऊळ जवळजवळ एकाच रस्त्यावर आहेत. मशिदीचा मिनार तर थेट पॅगोडासारखा. पोर्तुगिजांचे वंशज अजून क्रिस्तांग नावाची आपली बोली बोलतात. हे सगळं उमजायला गप्पा माराव्या लागतात, वेळ द्यावा लागतो. धावत्या भेटीत हाती लागतात ती फक्त लाल रंगाच्या डच इमारतींसमोरची छायाचित्रं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. आठवडाभर मोकळा असेल तर मलाक्काला जरूर जा.

एक गोष्ट मात्र ऋतूची. मे ते सप्टेंबर गॉलचा समुद्र खवळलेला असतो, पाऊसही असतो. त्या महिन्यांत सुट्टी असेल तर माझं उत्तर बदलेल. मलाक्का सुमात्राच्या आडोशाला आहे, त्यामुळे तिथे तेव्हा वाऱ्याचा तेवढा मारा नसतो. फक्त शनिवार-रविवार टाळा, जोंकर रस्त्यावरच्या रात्रबाजारात पाय ठेवायला जागा नसते.

आणि डिसेंबर ते मार्चमध्ये गॉलला निघालात तर कोलंबोहून मोटार करू नका. आगगाडीने जा आणि उजवीकडची खिडकी धरा. रूळ बराच वेळ अगदी किनाऱ्याला लागून जातात.