भीमाशंकरच्या रानात मुलांना नेताना

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. भीमाशंकरच्या देवराया, म्हणजे देवाच्या नावानं राखलेली रानं, मुलांना कशा दाखवाव्यात, हा आजचा विषय आहे. देवराईपर्यंत मी येणारच आहे. पण तिथपर्यंत मुलं धडधाकट आणि हसत कशी पोचतील, ते आधी बोललं पाहिजे, कारण घोळ तिथेच होतो. माझं म्हणणं एकच: मुलांबरोबरची चाल किलोमीटरमध्ये आखू नका, घड्याळावर आखा. आणि तीही परतीच्या वेळेपासून उलटी मोजत या.

भीमाशंकर तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे ओळख थोडक्यात करतो. ज्योतिर्लिंग, भीमेचा उगम, नाना फडणवीसांच्या काळातलं शिखर, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी अर्पण केलेली मोठी घंटा. ती घंटा मुलांना जरूर दाखवा. पोर्तुगीज चर्चमधली घंटा सह्याद्रीच्या माथ्यावर कशी आली, या प्रश्नावर पायऱ्यांचा अख्खा चढ निघून जातो. भोवतालचं रान १९८५ पासून अभयारण्य आहे, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. हे रान टिकलं त्यात इथल्या महादेव कोळ्यांनी राखलेल्या देवरायांचा वाटा फार मोठा आहे. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा हे शास्त्राच्या भाषेत लिहिलं गेलं. गावकऱ्यांना ते आधीपासून माहीत होतं.

आता माझी तक्रार. ट्रेकची माहिती जिथे जिथे मिळते, तिथे वाटेपुढे तास लिहिलेले असतात. ‘खांडस ते भीमाशंकर, गणेश घाटाने, तीन ते चार तास.’ खांडस म्हणजे कर्जतच्या बाजूचं पायथ्याचं गाव, आणि गणेश घाट ही तिथून वर चढणारी वाट. हे तास कोणाचे? पंचविशीतल्या, दर रविवारी डोंगर चढणाऱ्या माणसाचे. आई-बाबा तो आकडा वाचतात, ‘मुलं आहेत, तासभर जास्त धरू’ म्हणतात आणि निघतात.

हा हिशोब जरा उलगडून बघू. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने चालण्याचा एक नियम दिला. तो अजूनही वापरात आहे. सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. गणेश घाटाची चाल आठ किलोमीटर आणि चढ आठशे मीटर धरा. चालीला दीड तासापेक्षा थोडं जास्त, चढाला एक तास वीस मिनिटं. झाले तीन तास. म्हणजे माहितीतला आकडा खोटा नाही. पण नेस्मिथच्या हिशोबात थांबणं नाही, खाणं नाही, बुटातला खडा काढणं नाही. आणि आठ वर्षांचं मूल तर मुळीच नाही.

आठ वर्षांचं मूल डोंगरवाटेवर तासाला दोन किलोमीटर चालतं. चढ तासाला तीनशे मीटरच्या पुढे धरू नये. मग तीच वाट झाली चार तास अधिक दोन तास चाळीस मिनिटं. त्यात जेवण आणि बारीकसारीक थांब्यांचा एक तास घाला. पावणेआठ तास! मुंबईहून निघून, कर्जतला उतरून, गाडी करून खांडसला चालायला लागेपर्यंत नऊ वाजतात. माथ्यावर पोचायला पावणेपाच. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे रान बघायला आणलेल्या मुलाला रान दिसतं ते शेवटच्या उजेडात, पाय दुखत असताना, ‘चल लवकर’ ऐकत. पुढच्या वेळी ते मूल यायला नाही म्हणतं आणि आपण म्हणतो, त्याला आवड नाही.

इथे किती जण मुलांना घेऊन खांडसवरून चढलेत, जरा हात वर करा. बरेच हात दिसतायत. आता त्या मुलांना विचारा, त्यांना काय आठवतं.

खांडसहूनच चढणाऱ्या दुसऱ्या वाटेबद्दल, शिडी घाटाबद्दल, वेगळं बोलतो, कारण तिथे प्रश्न थकव्याचा नाही, जिवाचा आहे. ही वाट गणेश घाटापेक्षा जवळची, म्हणून ‘लवकर होईल’ असं वाटतं. पण तीत लोखंडी शिड्या आहेत आणि शिड्यांच्या आसपास कातळावरची अरुंद, उघडी चाल आहे. मुलाचा पाय एका पायरीवरून दुसरीवर पुरत नाही, म्हणून ते हातांनी शरीर वर ओढतं. चौथ्या-पाचव्या पायरीला हात दमतात. पावसात लोखंड निसरडं, वर वाट बघणाऱ्यांची रांग, खाली थांबायला सपाट जागा नाही. मोठा माणूस मागून आधार देतो तेव्हा त्याचा स्वतःचा एकच हात शिडीवर असतो. ही वाट मुलांसाठी नाही. कोरड्या दिवसातही नाही.

म्हणून कुटुंबानं वरून सुरुवात करावी. पुण्याहून मंचर, घोडेगाव, डिंभे या रस्त्याने साधारण ११० किलोमीटरवर एसटी किंवा गाडी तुम्हाला थेट माथ्यावर सोडते. चढ गाडीने केला, पाय रानासाठी शिल्लक राहिले. माथ्यावर दोन चाली मुलांच्या आवाक्यातल्या आहेत. पहिली गुप्त भीमाशंकरची: देवळामागून, साक्षी विनायकावरून, दाट सावलीतून, ओढ्यापर्यंत. जेमतेम दोन किलोमीटर. दुसरी हनुमान तळ्यावरून नागफणीची. ती थोडी चढाची आहे, पण वर कोकणाचा कडा उघडतो, पदरगड पायाशी दिसतो. नागफणीवर मुलाचा हात धरायचा तो कड्याच्या अलीकडे चांगली दहा पावलं असतानाच, टोकाशी पोचल्यावर नव्हे. तिथे वारा अचानक उसळतो. फोटो बसून काढा.

गुप्त भीमाशंकरला एक भूल हमखास पडते: जाताना उतार, येताना चढ. डोंगराची सवय उलटी असते, आधी चढ मग उतार, म्हणून जाताना सगळं सोपं वाटतं आणि ताकद तिथेच उधळली जाते. जायला चाळीस मिनिटं लागली तर परतीला सव्वा तास धरा. मूल दमलं की बाबा खांद्यावर घेतात, तेही टाळा. खांद्यावरच्या मुलामुळे तोल वर सरकतो, फांद्या मुलाच्या तोंडावर येतात आणि दोघं एकदम पडतात. पाच मिनिटं बसा, खायला द्या. बहुतेक वेळा ते मूल दमलेलं नसतं, भुकेलेलं असतं.

खाण्याचं सूत्र साधं आहे: दर चाळीस मिनिटांनी मूठभर. शेंगदाणे-गूळ, खजूर, चिक्की, धपाट्याचा तुकडा. एकदम पोटभर जेवण दिलं की पुढचा तास वाया. पाणी तीन तासांच्या चालीला मुलामागे एक लिटर, मोठ्यामागे दोन. मुलाच्या पाठीवरची पिशवी त्याच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जड नको. वीस किलोच्या मुलाला दोन किलो, म्हणजे त्याचं पाणी, खाऊ, रेनकोट आणि शिट्टी, बस. क्षारसंजीवनीचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचं. पेलाभर पाण्यात अख्खं पाकीट ओतलं तर क्षार जास्त होतात आणि उलटा त्रास होतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

बूट. हे लक्षपूर्वक ऐका. नवे बूट डोंगरावर पहिल्यांदा घालायचे नाहीत. आधी आठवडाभर शाळेच्या वाटेवर, खेळताना वापरू द्या. मोजे घालून उभं केल्यावर टाचेमागे मोठ्या माणसाचं एक बोट जायला हवं. त्याहून घट्ट असेल तर उतारावर अंगठा पुढे आपटत राहतो आणि नख काळं पडतं. चढताना नाडी घोट्यापाशी थोडी सैल, उतरताना तिथेच घट्ट. मूल म्हणालं, ‘टाच गरम वाटतेय’, तर पुढच्या वळणावर नाही, तिथल्या तिथे थांबा, मोजा काढा, त्या जागी चिकटपट्टी लावा. अर्ध्या तासानं तिथे फोड असतो आणि मग कोणतीही पट्टी काम करत नाही. जीन्स नको: भिजली की जड होते, वाळत नाही, मांड्या घासतात. रेनकोट पिवळा किंवा नारिंगी घ्या. हिरवा-निळा रेनकोट धुक्यात दहा हातांवर दिसेनासा होतो, आणि भीमाशंकरचं धुकं फार लवकर उतरतं.

याच कारणासाठी निघण्यापूर्वी मुलाला एक गोष्ट तीनदा म्हणायला लावा: चुकलो तर जवळचं एक झाड धरायचं, तिथून हलायचं नाही, तीन शिट्ट्या, थांबायचं, पुन्हा तीन शिट्ट्या. शोधणाऱ्यांच्या मागे लागून भटकणारं मूल सापडायला सगळ्यात कठीण. चालताना एक मोठा पुढे, एक सगळ्यात मागे. उतारावर मोठा माणूस मुलाच्या खालच्या बाजूला.

आणि हाताचा आधार. ओढ्याकाठी, झुडपांत, खांद्याच्या उंचीवर चापडा हा विषारी साप बसलेला असतो, पानांच्या रंगात अगदी मिसळून. म्हणून फांदी धरण्याआधी फांदीकडे बघायचं, आणि कपारीत हात घालायचा नाही. पावसाळ्यात ओढ्याचा तळ दिसत नसेल किंवा पाणी मुलाच्या गुडघ्यावर असेल तर ओलांडायचा नाही, मागे फिरायचं. पावसाळ्यात वन विभाग काही वाटा आणि धबधबे बंद ठेवतो. ती चौकशी घरून निघण्याआधी करा.

मला वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. देवराई राहिलीच! भराभर सांगतो.

देवराईत शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, बघायचा तर सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर. मधल्या वेळी तो विश्रांती घेतो. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो, एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्यावर जातो. म्हणून शेंडे एकमेकांत गुंतलेले असतील तिथेच तो राहतो, आणि कुऱ्हाड न लागलेल्या राईत तसे शेंडे शिल्लक असतात. मुलांना आधी शेकरू शोधायला लावू नका, घरटी शोधायला लावा. काटक्या आणि पानांचा गोल गठ्ठा, उंचावर, बारीक फांद्यांच्या टोकाशी. एकाच शेकराची अनेक घरटी असतात, त्यामुळे एक नक्की सापडतं. मग झाडाखाली कुरतडलेली फळं शोधा. मग गप्प बसून दहा मिनिटं. एवढ्यात वरून खडखडाटासारखी हाक आली नाही तरी मुलांना वर बघायची सवय लागलेली असते.

झाडं दोनच ओळखायला शिकवा. अंजनी: उन्हाळ्याच्या तोंडावर निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके थेट फांदीवर फुटतात, पानाच्या टोकाला नाही. आणि हिरडा: पान तोडू नका, खाली पडलेलं उचला आणि देठ जिथे पानाला मिळतो तिथे बोट फिरवा, दोन बारीक गाठी लागतात. या हिरड्यावर, कोवळ्या बाळहिरड्यावर, इथल्या घरांची वर्षाची मिळकत अवलंबून असते, तेव्हा पडलेली फळं खिशात भरायची नाहीत. पडलेलं लाकूडही राईतून हलवायचं नाही. पावसात रात्री चमकणाऱ्या बुरश्या त्याच कुजक्या लाकडावर येतात. गावानं चपला बाहेर काढायला सांगितल्या तर काढा.

दुसरा दिवस आहुपे गावासाठी ठेवा. गावातल्या कोणाला तरी सोबत घ्या, ठरलेले पैसे द्या, जेवण गावातच सांगा. देवराई सकाळी, कडा दुपारनंतर, आणि कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा काहीही नको.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळा, त्या गर्दीत रान दिसत नाही. काजव्यांसाठी मेअखेर ते पहिला पाऊस, पण तेव्हा मुलाच्या हातात विजेरी देऊ नका. एकच विजेरी, मोठ्याच्या हातात, लाल कागद गुंडाळून, पावलांकडे वळवलेली.