अजगर जेवत नाही, तेव्हा आधी त्याचे घर पाहा

श्रोतेहो, नमस्कार.

मी इथे इंग्लंडमध्ये पशुवैद्य म्हणून काम करते आणि कुत्र्या-मांजरांच्या जोडीने पाळलेले सापही माझ्याकडे तपासणीला येतात. त्यांत नेहमी दिसणारा म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहान अजगर. अमेरिकेत त्याला बॉल पायथन म्हणतात, इथे रॉयल पायथन. घाबरला की तो डोके आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो. मायदेशी असलेल्या श्रोत्यांसाठी एवढे सांगून ठेवते, की आपल्याकडचे साप घरात बाळगायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी.

या अजगराबद्दलची तक्रार बहुधा एकच असते: तो जेवत नाही. माझे म्हणणेही एकच आहे. अजगर जेवत नसेल, तर त्याच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याचे घर पाहा.

हे मला एका आजींनी शिकवले. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एक मराठी कुटुंब दवाखान्यात आले. आई, बारा वर्षांचा मुलगा आणि कोल्हापूरकडच्या खेड्यातून नातवाला भेटायला आलेल्या आजी. अजगराने अकरा आठवडे अन्नाला तोंड लावले नव्हते. मुलगा दर दुसऱ्या दिवशी गोठवलेला उंदीर वितळवून त्याच्यापुढे धरत होता, अजगर मान फिरवत होता, आणि मुलगा रडकुंडीला आला होता. मी तोंड उघडून पाहिले, हिरड्या स्वच्छ होत्या. श्वासात घरघर नव्हती. वजन १,३१० ग्रॅमवरून १,२५५ वर आले होते, म्हणजे पाच टक्केही घटले नव्हते. मी उंदराचा आकार विचारला, रंग विचारला, दिवस विचारले. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, गाय नव्या गोठ्यात आणली की दोन दिवस वैरणीला तोंड लावत नाही. ह्याचीबी पेटी सप्टेंबरातच बदललीया."

खरे सांगते, तो प्रश्न मी सर्वांत आधी विचारायला हवा होता. मुलाने फोनवर छायाचित्र दाखवले: चारही बाजूंनी काच असलेली मोठी, सुंदर पेटी, तीही दिवाणखान्यात दूरचित्रवाणीच्या शेजारी, आणि आत लपायला एकच रुंद तोंडाची गुहा. ज्या प्राण्याचा दिवस उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात जातो, त्याला आपण भर चौकात बसवले होते. शोभेची वस्तू म्हणून साप पाळणे मला मुळीच पटत नाही, पण इथे तसा हेतू नव्हता. मुलाने खाऊचे पैसे साठवून ती पेटी प्रेमाने घेतली होती. शिवाय तापमापक काचेवर उंच चिकटवलेला होता. तो ३१ अंश दाखवत होता. घरी जाऊन त्यांनी उबेच्या बाजूला जमिनीवर मोजले, तेव्हा ते २६ भरले. ऊब नसेल तर अजगराला खाल्लेले पचवता येत नाही, म्हणून तो खायलाच नकार देतो.

मग तीन बाजूंना काळा कागद लावला, उबेच्या आणि थंड अशा दोन्ही टोकांना अंग चिकटेल इतक्या अरुंद गुहा ठेवल्या, उबेची बाजू जमिनीपाशी ३२ अंशांवर आणली आणि दहा दिवस कोणीही त्याला हात लावला नाही. अकराव्या रात्री दिवे मालवून मुलाने कोमट पाण्यात गरम केलेला उंदीर चिमट्याने गुहेच्या तोंडाशी धरला. या अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात; थंडगार उंदीर त्याला भक्ष्य वाटतच नाही. आधी जीभ बाहेर आली, मान मागे आखडली, आणि पुढच्या क्षणी झडप! आजी तेव्हा पेटीपाशीच, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

म्हणून पुन्हा सांगते, आधी घर पाहा. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ होतात, तेव्हा तो खात नाही. विणीच्या हंगामात प्रौढ नर काही महिने उपाशी राहू शकतो. या दोन्ही वेळी धीर धरा. जिवंत उंदीर पेटीत सोडू नका, कारण न खाणाऱ्या सापाला तोच कुरतडतो. नागपंचमी असली तरी दूधही देऊ नका. तहानेपोटी साप ते पितो, पण त्याला ते पचत नाही.

मात्र दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करून वहीत लिहा. वजन दहा टक्क्यांनी घटले, तो तोंड उघडून श्वास घेऊ लागला, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा हिरड्यांत पू दिसला, किंवा खाल्लेले त्याने पुन्हा पुन्हा उलटून टाकले, तर घरगुती उपाय करत बसू नका. सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जा आणि ती वही सोबत न्या. पेटीचे छायाचित्रही न्या.

नमस्कार.