आरशावरची वाफ आणि साबणाची वडी

श्रोतेहो, अंघोळीच्या वेळी आरसा धुरकटतो, ही तक्रार कोल्हापुरातल्या जुन्या घरांत फारशी नव्हती. न्हाणी परड्याकडे, तिथे तांब्याचा बंब. आरसा मात्र सोप्यात, खिडकीच्या उजेडाला टांगलेला, आणि दाढीही तिथेच उरकली जाई. गिझर, शॉवर आणि बंद दाराचे बाथरूम आले, त्यांच्याबरोबर आरसाही आत गेला आणि धुरकटू लागला.

आपण दोष देतो वाफेला. माझ्या मते निम्मा दोष गार काचेचा आहे. एक घनमीटर हवेत २० अंश सेल्सिअसला सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, ३५ अंशांना जवळजवळ ४०. शॉवरखालची ऊन, दमट हवा डिसेंबरच्या सकाळी गारठलेल्या काचेला लागली, की काचेलगतचा हवेचा थर निवतो आणि त्यात न मावणारे बाष्प बारीक थेंब होऊन काचेवर बसते. पाणी पारदर्शकच असते. पण प्रत्येक फुगीर थेंब प्रकाश आपापल्या दिशेने वळवतो, म्हणून चेहरा दिसत नाही.

तेव्हा पाणी बसू द्यावे, फक्त त्याचे थेंब होऊ देऊ नयेत. हा हातआरसा पाहा. याच्या डाव्या अर्ध्या भागावर मी अंगाच्या साबणाची कोरडी वडी फिरवली आणि काच स्वच्छ दिसेपर्यंत सुक्या फडक्याने पुसली. आता तो या कढत पाण्याच्या पातेल्यावर धरतो. उजवी बाजू दुधाळ झाली. डावीकडे माझी मिशी तुम्हाला दिसते आहे. साबणाने पाण्याचा पृष्ठताण उतरतो आणि पाणी पातळ पापुद्र्यासारखे पसरते. हा लेप धुऊन जातो, त्यामुळे काही दिवसांनी पुन्हा द्यावा लागतो. याला घरगुती युक्ती म्हणून हसू नये: जून १९६६ मध्ये जेमिनी ९ए या अंतराळयानाबाहेर पडलेल्या अमेरिकी अंतराळवीर यूजीन सर्नन यांच्या शिरस्त्राणाची काच आतून धुरकटली, त्यांना पुढचे दिसेना, आणि नंतरच्या मोहिमांत काचेला धुके न धरू देणारे द्रावण लावले जाऊ लागले.

‘पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली, मग झरोका उघडून काय उपयोग?’ असे मला नेहमी विचारतात. उपयोग आहे. आषाढातली २३ अंशांची हवा पूर्ण ओली असली तरी तिच्यात घनमीटरला २० ग्रॅमच्या आसपासच बाष्प असते, म्हणजे बाथरूममधल्या हवेच्या साधारण निम्मे. म्हणून झरोक्यातला, हवा बाहेर टाकणारा पंखा अंघोळीच्या आधी लावावा आणि नंतरही थोडा वेळ चालू ठेवावा. बादलीत आधी गार पाणी घेऊन मग कढत ओतले, तर वाफही कमी उठते. आरशामागे बसवायची तापपट्टीही मिळते. काच भोवतालच्या हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे थेंब होऊ लागतात त्यापेक्षा, थोडी ऊन राहिली की पुरते. मात्र ओल्या जागी वीज खेळवायची असल्याने ते काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.

लेप देताना फडके ओले नको आणि कडांवर पाणी साचू नये. ते मागच्या चांदीच्या थरात शिरले की काळे डाग धरतात, आणि ते कुठल्याही साबणाने जात नाहीत.